इंजिन आमचं, कान सोसायटीचे

बाबांची हेराल्ड आमच्याकडे पहिल्यापासून "स्पोर्ट्स कार" म्हणूनच ओळखली जाते. म्हणजे ती नाहीये हं. १९६६ ची, दोन दरवाज्यांची, मद्रासला बनलेली, ९४८ सीसीची साधी स्टँडर्ड हेराल्ड आहे. पण बाबांचं म्हणणं असं की हिची बॉडी ज्या मिकेलोत्ती नावाच्या इटालियन डिझायनरने काढली त्यानेच ट्रायम्फ कंपनीची स्पिटफायर ही खरीखुरी स्पोर्ट्स कार काढली, चॅसिस हिचीच आखूड केलेली, इंजिनपण ह्याच घराण्यातलं, म्हणजे १९६२ ची स्पिटफायर ही हिची धाकटी बहीण, आणि धाकटी धावपटू असली तर थोरलीच्या अंगात काही नसेल का? होतं ना. मागच्या वर्षी अंगातून निळा धूर यायला लागला.

मग फुल इंजिन काम. ते सात महिने सांगत बसत नाही. सिलिंडरचा बोअर ३० थाऊने (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढवला, क्रँक ग्राइंड केला, पिस्टनसाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडपासून चोर बाजारापर्यंत इतक्या फेऱ्या मारल्या की दुकानदार मला लांबून बघूनच मान नकारार्थी हलवायचे. सगळं केलं मेस्त्रींनी. मी टॉर्च धरला आणि चहा आणला. फक्त शेवटी मॅनिफोल्डचे (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचे) नट मी स्वतः आवळले, कारण फोटोत हातात पाना असावा असं वाटत होतं.

रविवारी सकाळी पार्ल्याच्या आमच्या सोसायटीत, स्टिल्टखाली, म्हणजे बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये, नारळ वगैरे फोडून इंजिन सुरू केलं. लागलं की हो पहिल्याच सेल्फला! बाबांचे डोळे भरून आले. आणि मग टक. टक टक टक टक.

"हे काय?" बाबा.

"नवीन आहे ना, बसेल," मी. (नवीन चपलेबद्दल हेच म्हणतात, आणि ती चावतेच.)

आता हेराल्डचं बॉनेट मडगार्डांसकट अख्खं पुढे पडतं, मगरीने जबडा उघडावा तसं, आणि पुढच्या टायरवर पाट टाकून आरामात इंजिनाशी बसता येतं. इंग्रजांनी ही सोय मेकॅनिकसाठी केली असणार, आमच्याकडे तिचा उपयोग प्रेक्षकांना झाला. दहा मिनिटांत डाव्या टायरवर मेस्त्री, उजव्यावर बाबा, आणि भोवती दूध आणायला निघालेली अर्धी सोसायटी.

दुसऱ्या मजल्यावरचे रिटायर्ड डॉक्टर स्टेथोस्कोपच घेऊन आले. इकडे लाव, तिकडे लाव, "मोठा श्वास" म्हणायचं फक्त बाकी ठेवलं. मग म्हणाले, "प्रेशर किती आहे?" सगळे हसले, पण मेस्त्री नाही हसले, ते म्हणाले बरोबर विचारलंत, आणि ऑइल प्रेशरचं मीटर दाखवलं. गार इंजिनवर ६० पाउंड. "मग पेशंट सिरियस नाही," डॉक्टर म्हणाले आणि दूध घेऊन वर गेले.

मेस्त्रींना टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांचा, संशय. टॅपेटला दहा थाऊचा गॅप लागतो, तो फीलर गेजची पट्टी घालून बघायचा, आणि त्यात नऊचा हिशोब असतो, म्हणजे पहिला व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला असताना आठवा सेट करायचा, तिसरा असताना सहावा, बेरीज कायम नऊ. मला हे इतकं आवडलं की तीनदा सगळे आठही केले. आवाज तस्साच.

तेवढ्यात तळमजल्यावरचे तबलावाले काका. गाडीतलं त्यांना ओ की ठो कळत नाही, रिक्षाने फिरतात. मेस्त्रींनी एक नंबर प्लगच्या वायरीला टायमिंग लाइट लावला होता, तो प्लग पेटला की लुकलुकत होता, काकांनी डोळे मिटून मांडीवर बोटं वाजवली, मग डोळे उघडून लाइटकडे बघितलं आणि म्हणाले, "लाइटची सम धरली तर तुझा आवाज खालीच्या मात्रेवर येतोय, आवर्तनाच्या मध्यावर. जवळजवळ. पण एका आवर्तनात एकदाच." मेस्त्री बघतच राहिले. कारण एक नंबरचा प्लग इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे आवाजही दोन फेऱ्यांत एकदाच, म्हणजे कुठल्यातरी एकाच सिलिंडरचा.

मग एकेक प्लगची वायर काढून बघायला सुरुवात. एक काढली, इंजिन लंगडलं, आवाज आहे. दोन, आहे. तीन नंबरची काढली आणि आवाज जवळपास गायब.

मेस्त्रींचा चेहरा उतरला. "टॅपेट असता तर वायर काढून फरक पडला नसता. बिगएन असेल."

बिगएन म्हणजे कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग, म्हणजे इंजिन परत खाली, म्हणजे परत सात महिने, परत सीएसटी रोड, परत ती नकारार्थी मान. बायको गॅलरीतून चहाला हाक मारत होती आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. बाबा टायरवरून उठलेच नाहीत. कुणी इंजिन बंद करायच्या भानावर नव्हतं, ते आपलं चालू, आणि दहा-पंधरा मिनिटांनी बाबाच म्हणाले, "अरे, थांबला की."

खरंच थांबला होता. वायर कधीच परत लावलेली होती आणि तरी आवाज नाही. मेस्त्री ताडकन उठले. बिगएनचा आवाज इंजिन तापल्यावर वाढतो, ऑइल पातळ होतं ना. हा तापल्यावर गेला! त्यांनी इंजिन बंद केलं, "संध्याकाळी गार झालं की बघू" म्हणाले आणि माळ्याकडून पाण्याच्या पाइपाचा हातभर तुकडा मागून घेतला.

संध्याकाळी पाइपाचं एक टोक कानात, दुसरं इंजिनावर फिरतंय. तीन नंबरपाशी आले आणि एकदम मान मागे. "कानात फुंकर मारतंय!" बोट लावून दाखवलं. नव्या रंगवलेल्या हेडवर, मॅनिफोल्डच्या पॅकिंगला लागून, काजळाचं बोट ओढावं तशी काळी रेघ. तिथून एक्झॉस्ट फटफट बाहेर येत होता, आणि लोखंड तापून फुगलं की फट बुजत होती.

मेस्त्रींनी पाना लावला. नट हाताने फिरला.

"हा कुणी आवळला होता?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. तबलावाले काकांनी वर, पंख्याकडे बघितलं, स्टिल्टखाली पंखा नाहीये. मी म्हटलं, फोटो काढताना जरा घाई झाली.

पॅकिंग बदललं, नट नीट आवळले, इंजिन गार असतानाही गप्प. दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी बिल पाठवलं, पॅकिंग अमुक, मजुरी तमुक, आणि शेवटची ओळ, "आवाज काढणे – ३५०."

बायकोने ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे त्यांनी काढला त्याचे, की तू काढलास त्याचे?"