पाऊस पडतो, गियर पडत नाही

मराठीत काय वाटेल ते पडतं. पाऊस पडतो, प्रश्न पडतो, विसर पडतो, ठाण्याच्या रस्त्यांना तर दर जुलैत नेमाने खड्डे पडतात. ट्रकला गियरही पडतो. म्हणजे पडायला हवा. गायमुखच्या चढावर, मागे घोडबंदर रोडभर हॉर्नचा गजर चालू असताना, वीस-बावीस वर्षांच्या ट्रकचा गियर पडेनासा झाला की पडतो तो फक्त ड्रायव्हरचा चेहरा.

मग जाणकार जमतात. त्यात रिक्षावाले असतात, शहाळीवाला असतो, आणि ज्यांच्या घरी सायकलही नाही असे दोघे तरी असतातच. सगळ्यांचं निदान एकच: "जोर लाव!" माझ्या मते या दोन शब्दांनी जेवढे फोर्क, म्हणजे आत गियर सरकवणारे काटे, वाकवले असतील तेवढे कुठल्याही ओव्हरलोडने वाकवले नसतील. गियरचा दांडा हा नुसता निरोप्या आहे. त्याची मानगूट धरून हलवणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

दांड्याला हात लावण्याआधी चाकांना दगड लावावेत. दोन्ही बाजूंना, चांगले मोठे. चढावर अडकलेला गियरच बहुतेक वेळा ट्रकला धरून असतो, आणि तो सुटला की ट्रकही सुटतो. हँडब्रेक आहे की, असं कोणी म्हणेल. जुन्या ट्रकचा हँडब्रेक हा श्रद्धेचा विषय आहे, आणि श्रद्धेखाली झोपून पाना फिरवू नये.

दगड लागले की इंजिन बंद करायचं, क्लच दाबायचा आणि सगळे गियर टाकून बघायचे. एखादा दात दातावर आला तर पुन्हा एकदा टाकून बघावा. बंद इंजिनात सगळे मुकाट पडत असतील, पण इंजिन चालू झाल्यावर अडत असतील आणि रिव्हर्सला कर्रर्र करून सगळ्या पाचपाखाडीला कळत असेल, तर गियरबॉक्स निर्दोष आहे. क्लच पूर्ण सुटत नाहीये. इंजिन बंद असतानाही पडत नसेल, तर मात्र दोष दांड्यापासून आतल्या फोर्कपर्यंत कुठेतरी आहे. फुकटातली ही एक परीक्षा न केल्यामुळे किती धडधाकट गियरबॉक्स उगाच उतरवले जातात!

क्लच हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, असेल तर आधी तेलाची बाटली बघावी. पातळी खाली गेली असेल तर ते तेल हवेत उडालेलं नसतं. पेडलचा दाब तेलाला देणारा मास्टर सिलिंडर पेडलच्या बाजूने, किंवा तो दाब घेऊन क्लच सोडवणारा खालचा स्लेव्ह सिलिंडर रबरी बुटाखाली, म्हणजे आवरणाखाली, पाझरत असतो. बाटलीवर जे लिहिलंय तेच ब्रेक ऑइल घालावं. हाताशी आहे म्हणून इंजिन ऑइल ओतलं की आतली रबरं फुगतात आणि दोन्ही सिलिंडर कामातून जातात.

तेल कमी झालं की नळीत हवा शिरते. ती काढणं हे जोडीचं काम. खाली मिस्त्री, वर क्लिनर. निपलला, म्हणजे हवा सोडायच्या बारीक बोल्टला, पारदर्शक नळी, नळीचं टोक थोडं तेल असलेल्या बाटलीत बुडवलेलं. "दाब!" क्लिनर पेडल दाबतो. "धर!" तो धरून ठेवतो, मिस्त्री निपल सोडतो, बुडबुडे येतात, निपल पुन्हा आवळला जातो. "सोड!" हा सोहळा बुडबुडे थांबेपर्यंत चालतो, आणि मधेमधे वरची बाटली भरत राहावी लागते. अडचण एवढीच, की वर बसलेल्याला "धर" आणि "सोड" हे शब्द हॉर्नच्या गदारोळात सारखेच ऐकू येतात. निपल उघडा असताना पाय उचलला गेला की काढलेली सगळी हवा घरी परत. त्यानंतर मिस्त्री जे बोलतो ते छापता येत नाही.

क्लच ठीक असेल तर पुढची पायरी गियरबॉक्स उघडणं ही नव्हे. ड्रायव्हर बसतो इंजिनाच्या डोक्यावर आणि गियरबॉक्स असतो मागे खाली, अशा गाडीत मधे लांब रॉड आणि त्याचे जॉइंट असतात. एकाने वर दांडा हलवावा, दुसऱ्याने खालून बघावं. दांडा हलतोय, रॉड हलतोय, पण गियरबॉक्समध्ये शिरणारा शाफ्ट ढिम्म असेल, तर जॉइंटमधलं एखादं नायलॉनचं नळकांडं, म्हणजे बुश, झिजून संपलंय किंवा टोकाचा बॉल जॉइंट सुटलाय. खड्ड्यातला चिखल आणि पाणी तिथेच बसतं. एकेका जॉइंटचा चिमूटभर खेळ साठत साठत वर दांड्यापर्यंत वीतभर होतो, आणि मग न्यूट्रल नेमका कुठे आहे हे फक्त त्या ड्रायव्हरला ठाऊक असतं. कळंबोलीत ट्रकच्या सुट्या भागांच्या दुकानात जाताना जुना बुश खिशात घेऊन जावा. "त्या गाडीचा बुश द्या" म्हणून मिळतो तो हमखास दुसऱ्याच गाडीचा.

खरी गंमत मात्र झाकणाखाली. पाच गियरच्या बॉक्सात साधारण तीन रेल, म्हणजे मागेपुढे सरकणाऱ्या दांड्या, असतात: पहिला-दुसरा, तिसरा-चौथा, पाचवा-रिव्हर्स. प्रत्येकीवर एकेक फोर्क. आता चाळीतल्या तीन खोल्या अशा कल्पा, की एकीचं दार उघडलं की उरलेल्या दोघींना आपोआप कडी. ही कडी म्हणजे इंटरलॉक पिन. ती नसती तर दोन गियर एकदम पडून सगळाच बॉक्स जागच्या जागी आवळला असता. दांड्याचं खालचं बोट या रेलच्या खाचांतून फिरतं. बोट किंवा त्याचा बुश झिजला की बोट खाचेतून निसटतं आणि एक रेल गियरमध्येच राहून जाते. तिचं दार उघडं, म्हणून बाकीच्यांना कडी, आणि बोट बाहेर जिन्यात उभं.

म्हणून आधी रबरी बूट वर सारायचा, भोवतीची माती फडक्याने पुसायची (ती आत पडली की नवं दुखणं), मग लिव्हर हाउसिंगचे बोल्ट काढून दांडा सरळ वर उचलायचा. आत टॉर्च मारली की तीन खाचा दिसतात. त्या एका ओळीत हव्यात. जी ओळीबाहेर उभी असेल तीच गुन्हेगार. क्लच दाबून धरायला सांगून टॉमीने, म्हणजे लोखंडी दांडीने, तिला हलकेच ओळीत ढकलायचं. टक् असा आवाज येतो. तो आवाज स्प्रिंगवरची गोळी रेलच्या खोबणीत बसल्याचा, आणि त्याच्याइतका गोड आवाज गॅरेजात दुसरा नाही. गियर चालता चालता आपोआप सुटत असेल तर संशय याच स्प्रिंगवर. ती काढताना मात्र लोहचुंबक हाताशी आणि बॉक्सच्या तोंडावर फडकं हवंच. गोळी वाटाण्याएवढी असते, पण आत पडली तर अख्खा बॉक्स उतरवायला लावते.

झिजलेल्या बोटावर वेल्डिंगचा भराव देऊन ते घासून बसवण्याची पद्धत आहे. मला ती पटत नाही. ओबडधोबड भराव पुढे रेलची खाच खातो. शंभर रुपये वाचवून हजारांचं काम. बोट आणि बुश नवे टाकावेत, ग्रीस लावावं, गॅस्केट बदलावं.

गियर ऑइल बघायचं तर आधी भरायचं बूच उघडावं, मग खालचं. खालून सगळं तेल सांडल्यावर वरचं बूच गंजून बसलेलं निघालं, तर रिकाम्या बॉक्सची गाडी घेऊन बसा. तेल वरच्या बुचाच्या काठापर्यंत हवं. कंपनीने जीएल-4 दर्जाचं तेल सांगितलं असेल तर जीएल-5 घालू नये, गियर पडताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांना ते मानवत नाही. खालच्या बुचाच्या चुंबकावर करडा लगदा असला तर ते वयोमान. दाताचे तुकडे निघाले तर शेठला फोन.

सगळं जोडून झालं की ट्रायल. पहिला पडतो, दुसरा पडतो, रिव्हर्स न कुरकुरता पडतो. तिसरा मानपाड्याच्या आसपास एकदा टाकायला मिळतो. पाचवा पडतो की नाही हे तपासायला मात्र घोडबंदर रोडवर रात्री दीडपर्यंत थांबावं लागतं.