भैरवीने सुरू होणारी मैफल

काही वर्षांपूर्वी मीही ती पोस्ट पुढे पाठवली होती. 'शिकागोच्या पाच वर्षं आधी एका भारतीयाने अ‍ॅसिड हाऊस शोधलं!' (अ‍ॅसिड हाऊस म्हणजे शिकागोच्या क्लबांतलं, यंत्रांवर केलेलं नाचाचं संगीत.) खाली दोन तिरंगे. अल्बम किती ऐकला होता? पहिला ट्रॅक, तोही द्वारका सर्कलच्या सिग्नलला, अर्धा.

चरणजीत सिंग यांची 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही १९८२ ची रेकॉर्ड. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सिंग हे मुंबईच्या फिल्मी ऑर्केस्ट्रातले वादक, दुसऱ्यांच्या गाण्यांत बेस गिटार आणि कीबोर्ड वाजवणारे. त्या वर्षी जिकडेतिकडे डिस्कोची हवा. त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेतली. ठेक्याला टीआर-८०८, बेसला टीबी-३०३ आणि वर राग वाजवायला ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. तबल्याला सुट्टी, आणि एकापाठोपाठ दहा राग. एचएमव्हीने रेकॉर्ड काढली, कुणी फारशी विचारली नाही. २००२ मध्ये एदो बाऊमन नावाच्या डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली, २०१० मध्ये त्याने ती पुन्हा बाजारात आणली आणि युरोपात गहजब झाला. कारण टीबी-३०३ चा तो चिखलातून चप्पल ओढून काढावी तसा आवाज जगाला माहीत होता तो शिकागोच्या फ्यूचर या ग्रुपच्या 'अ‍ॅसिड ट्रॅक्स'मुळे, १९८७ च्या; अ‍ॅसिड हाऊसची सुरुवात तिथूनच धरतात. काहींना तर वाटलं, कुणीतरी जुन्या कव्हरात नवा माल घालून चेष्टा करतंय.

म्हातारपणी का होईना, त्यांना युरोपात स्टेज मिळालं, त्याचा आनंदच आहे. २०१५ मध्ये ते गेले. पण 'काळाच्या पुढे' हे शब्द मला आता खटकतात. शिकागोच्या पोरांनी त्या यंत्राचे नॉब पिळून पिळून यंत्राचा आवाज हेच गाणं केलं. सिंग यांच्याकडे गाणं म्हणजे राग, आणि यंत्रं साथीला बसलेली. दोन वेगळी कामं आहेत ही. शर्यत आपण लावली, कारण शर्यतीत पहिलं आलं की ऐकायची गरज उरत नाही. १९८२ मध्ये लोकांनी रेकॉर्ड ऐकली नाही आणि आता आम्ही न ऐकताच तिरंगे लावतो.

हे सुचलं ते पंचवटीत काकांकडे. काकांनी उभं आयुष्य पेटी शिकवली. मागच्या महिन्यात दुपारी चहा घेता घेता मी मोबाईल छोट्या स्पीकरला जोडला आणि काही न सांगता अल्बम लावला. शेजारचा पोरगाही येऊन बसला होता. तो पथकात ताशा वाजवतो.

पहिलाच ट्रॅक भैरवी. काका हसले. "अरे, भैरवीने सुरुवात? मग मैफल संपल्यावर लोकांना घरी कसं पाठवणार हा?"

दुसरा ललित, पहाटेचा राग. इथे काकांनी कप खाली ठेवला. ललितात पंचम, म्हणजे प, नाही, आणि शुद्ध आणि तीव्र असे दोन्ही मध्यम, म्हणजे म, शेजारी-शेजारी येतात. गाणाऱ्याचा कस तिथेच लागतो. खाली तो डिस्को ठोकतोय, टाळी वाजल्यासारखा ८०८ चा क्लॅप पडतोय, आणि वर हे दोन मध्यम एकमेकांना घासून जातायत. "लावलेत गड्याने," काका म्हणाले. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून, "पण दुपारी चारला ललित लावतोस होय रे?"

सगळं आवडलं असं नाही हं. मेघ मल्हारला काका वैतागलेच. "तोडी त्याच चालीत, मल्हार त्याच चालीत. पाऊस असा मोजून पडतो का?" ताशावाल्याचं म्हणणं वेगळं नव्हतं. "दादा, एवढा वेळ एकच हात वाजवला तर मला पथकातून काढतील." दोघांचंही खरं आहे. सलग दहा ऐकले की सहाव्या-सातव्याला मीही खिडकीबाहेर बघायला लागतो. काही राग तर नुसते ठेक्यावर टांगल्यासारखे वाटतात. ते कौतुकाच्या पोस्टींत कुणी लिहीत नाही.

पण एक गोष्ट काकांनीच दाखवली, मला ती दिसली नसती. टीबी-३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे, तिला स्लाइड म्हणतात; आपल्याकडे तीच मींड. ज्युपिटरवरही सूर तसा ओढता येतो. काकांनी पेटी पुढे ओढली, भाता धरला आणि तोच तुकडा वाजवून पाहिला. सूर आले, पण पायऱ्यापायऱ्यांनी. "मींड येत नाही बघ पेटीत. ह्याच्यासाठीच रेडिओने आम्हाला बाहेर काढलं होतं." आकाशवाणीवर १९४० पासून पेटीला बंदी होती, ती १९७१ मध्ये उठायला लागली, काका तेव्हा विशीत होते. विलायती डबा, मींड नाही, श्रुती, म्हणजे स्वरांमधले बारीक सूर, नाहीत, हे आरोप. आणि पुढे जेमतेम अकरा वर्षांत एक माणूस जपानी डब्यांवर मींड काढतो, आणि त्यावर वाद घालायलाही कुणी येत नाही. पेटीवर निदान भांडणं तरी झाली.

काका बराच वेळ ती एक जागा पेटीवर शोधत राहिले. मी निघालो.

दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेसहाला त्यांचा मिस्ड कॉल. घाबरून लगेच फोन लावला. मागे तोच क्लॅप पडत होता.

"नातवाकडून कालच लावून घेतलं होतं," काका म्हणाले. "ललित चालू आहे. आता बरोबर वाटतोय. बाकीचे त्यांच्या-त्यांच्या वेळेला ऐकतो. भैरवी शेवटी."