लहान गावांची विमानसेवा २०१७ पासूनची नाही

‘उडान योजनेआधी देशातल्या लहान शहरांना विमान माहीतच नव्हतं,’ हा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. तो चुकीचा आहे. लहान शहरं विमानसेवेने जोडणाऱ्या उडान या केंद्र सरकारच्या योजनेचं पहिलं विमान २७ एप्रिल २०१७ला सिमल्याहून दिल्लीला गेलं, हे खरं. पण १९८१मध्येच एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्सने मिळून ‘वायुदूत’ ही विमान कंपनी सुरू केली होती, मुख्यतः ईशान्य भारतातल्या दुर्गम भागांसाठी. पुढे तिच्याकडे कानपूरला एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) या सरकारी कंपनीने बांधलेली १९ आसनी डॉर्नियर विमानंही आली; आखूड धावपट्टीवरही उतरणारी. तोटा वाढत गेला आणि १९९३मध्ये ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. उडानचं श्रेय उडानला जरूर द्या, पण वायुदूतच्या वैमानिकांची मेहनत पुसू नका. आणि हो, अलायन्स एअर ही सरकारी विमान कंपनी म्हणजे नाव बदललेली वायुदूत नव्हे; ती १९९६ची वेगळी कंपनी.