कारखान्यात माणूस जातो, तेव्हा त्याच्या शेजारी उभा असलेल्याला कोण विचारतं?

गळीत हंगाम चालू असताना कारखान्यात एखादा माणूस कामावर असतानाच वारला, की अर्ध्या तासात पहिला प्रश्न येतो: त्याच्या जागेवर आता कोण? हा प्रश्न विचारणारा माणूस वाईट नसतो. यार्डात ऊस येऊन पडलेला असतो, ट्रॅक्टरांची रांग गेटाबाहेर गेलेली असते, ऊस वाळला की वजन जातं आणि उताराही (उसातून निघणारी साखर) पडतो. गव्हाण (ऊस आत नेणारा पट्टा) बंद ठेवणं कुणालाच परवडत नाही, शेतकऱ्यालासुद्धा. त्या प्रश्नाबद्दल माझी तक्रार नाही. दुसरा एक प्रश्न कुणाच्याच तोंडून येत नाही, त्याबद्दल हे लिहितोय. गेलेल्या माणसाच्या शेजारी जो उभा होता, तो कसा आहे?

मी मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्यात पॅन विभागात आहे. कारखान्याचं नाव लिहीत नाही, कारण हे सगळीकडेच असं चालतं. आमचे पॅनमन गेल्या हंगामात रात्रपाळीत गेले. वय 45. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, चीफ केमिस्टसाहेबसुद्धा अण्णाच म्हणायचे.

ज्यांनी पॅन पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. रस आटवून झालेला पाक पॅनमध्ये येतो, तिथे साखरेचा दाणा धरवायचा आणि तो सारखा वाढवत न्यायचा, हे पॅनमनचं काम. आज मीटर आहेत, स्क्रीन आहेत, तरी शेवटी हात आणि डोळाच लागतो. अण्णा प्रूफ स्टिक (पॅनमधून नमुना काढायची दांडी) ओढायचे, काचेच्या पट्टीवर थोडा माल घ्यायचे, बोटाने पसरायचे आणि दिव्यासमोर धरून बघायचे. दाण्यात भुकटी पडायला लागली, की लॅबच्या आधी त्यांना कळायचं. नव्या पोराला जवळ बोलवून तीच काच त्याच्या डोळ्यासमोर धरायचे, "बघ, हे बारीक दिसायलंय ना, हे नको." शिकवताना आवाज कधी चढला नाही.

त्या दिवशी त्यांनी दुपारी 12 ते 8 पाळी पुरी केली होती. रात्रीचा रिलीव्हर आला नाही, म्हणून 8 ते 4 लासुद्धा तेच थांबले. हंगामात हे नेहमीचंच आहे, कुणाला त्यात विशेष वाटत नाही. पॅनच्या मजल्यावर वाफेची धग असते, उभं राहूनच काम. रात्री एकच्या सुमारास म्हणाले, "छातीत जळजळायलंय रे, ॲसिडिटी व्हायलीय वाटतं." ट्रेनी पोराने पळत जाऊन सोडा आणून दिला. मी म्हणालो, "अण्णा, खाली जाऊन बसा की जरा." "हा पॅन उतरू दे, मग बसतो." थोड्या वेळाने त्यांनी रेलिंग धरलं, खाली बसले आणि तसेच कलंडले.

मग जे झालं ते आपल्याकडे कुठेही होतं तेच. कुणी तोंडावर पाणी मारलं, कुणी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी तळपाय चोळले. छाती दाबायची असते हे माहीत असलेला एकही माणूस त्या पाळीत नव्हता. 108 ची गाडी आली, तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, तिथे डॉक्टरांनी नाडी बघून मान हलवली.

आणि वर पॅन अर्धा शिजलेला होता. तो तसा सोडला तर माल आत धरतो, मग तो काढायला दिवस जातो. चौघं अण्णांना लोखंडी जिन्यावरून खाली उतरवत होते आणि मी फीड व्हॉल्व्हवर हात ठेवून वर उभा होतो. पॅन उतरला. दाणा चांगला निघाला. पहाटे 4 ला भोंगा झाला, पुढची पाळी वर आली आणि आम्ही घरी गेलो.

आपल्या गावात कुणी गेलं तर काय करायचं हे कुणाला शिकवावं लागत नाही. माणसं मातीला येतात. त्या घरात चूल पेटत नाही, शेजारून भाकरी आणि पिठलं येतं, कडू घास म्हणून बळेच दोन घास खायला लावतात. तिसऱ्या दिवशी राख सावडायची, मग दहावा, तेरावा. ज्यांना या रूढी पटत नाहीत त्यांनी त्या करू नयेत, मलाही त्यातल्या काही पटत नाहीत. पण त्यांचं एक काम मला आता समजतं. त्या दिवसांत माणसाला एकटं सोडत नाहीत, आणि बाहेरच्यांना कळतं की या घराला सध्या नेहमीसारखं वागायला सांगायचं नाही. कारखान्यात यातलं काहीच नाही. जो माणूस वर्षातले निम्मे महिने घरच्यांपेक्षा जास्त वेळ आपल्याबरोबर असतो, तो गेल्यावर आपण त्याचे कुणी नसतो. रजा फक्त रक्ताच्या नात्याला. आम्ही मातीला गेलो तेही पाळ्या बदलून, आपापसात जुळवून.

अण्णांचा डबा तिथेच राहिला होता. उघडलेलाही नव्हता. तो घरी कसा द्यायचा, तसाच की धुऊन, यावर आम्ही कितीतरी वेळ बोलत बसलो. शेवटी आमच्यातल्या एका वयस्कर फिटरने भाकरी बाहेर गाईला घातली, डबा स्वच्छ धुतला, पुसला आणि अण्णांच्या पंच्यात बांधून त्यांच्या मुलाच्या हातात दिला. ऑफिसातून यासाठी कुणी आलं नाही. हे काम कुणाचं, हेच कुठे ठरलेलं नाही. तिकडे टाईम ऑफिसच्या बोर्डावर दुसऱ्याच दिवशी त्यांच्या नावावर लाल पेनाने रेघ मारलेली होती. बोर्ड बदलायलाच लागतो, मान्य. नवा कागद लावता आला असता.

सगळ्यात जास्त हाल झाले ते सोडा आणून देणाऱ्या पोराचे. वय बावीस-तेवीस. कँटीनमध्ये कुणीतरी सहज बोलून गेलं, "तूच सोडा दिलता ना रे त्यांना?" बोलणाऱ्याच्या मनात काही नव्हतं. पण ते पोरगं त्यानंतर कामावर यायचं बंद झालं. घरी जाऊन बोलवून आणलं तर जिन्यापाशी येऊन थांबायचं. वर चढायचंच नाही. त्याला लोकांनी काय काय सांगितलं! मन घट्ट कर, जास्त विचार करू नको, देवाची मर्जी. एकानेही त्याला नेमकी गोष्ट सांगितली नाही, की हृदयविकाराचा झटका कितीतरी वेळा छातीत जळजळ, अपचन, खांदा किंवा जबडा दुखणं अशाच रूपात येतो, शिकलेल्या लोकांनाही तो ॲसिडिटी वाटतो, आणि सोड्याने माणूस मरत नाही. शेवटी अण्णांच्याच गावच्या एका डॉक्टरांकडे आम्ही त्याला घेऊन गेलो. डॉक्टरांनी कागदावर हृदय काढून, रक्तवाहिनी कशी बंद होते ते दाखवून शांतपणे समजावलं. त्या दिवशी ते पोरगं पहिल्यांदा रडलं. हे काम व्यवस्थापनाला पहिल्या आठवड्यात करता आलं असतं. डॉक्टरला बोलवायचं, त्या पाळीला एकत्र बसवायचं, काय झालं ते खरं खरं सांगायचं. खरं कळलं नाही की माणूस रात्री पडल्या पडल्या स्वतःच कहाणी रचतो आणि त्या कहाणीत दोषी तोच असतो.

कुणी म्हणेल, मग काय सगळ्यांना समुपदेशन करायचं? नाही, सक्ती नकोच. अशा घटनेनंतर लगेच सगळ्यांना गोळा करून "काय वाटलं ते सांगा" असं एकदाच वदवून घेण्याची पद्धत बऱ्याच देशांत होती. तिने पुढचा मानसिक त्रास टळत नाही असंच अभ्यासांतून दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली, तिचा सगळा भर साध्या गोष्टींवर आहे. कुणाला काय हवंय ते बघा, तो बोलला तर ऐका, नाही बोलला तर खोदून विचारू नका, त्याला त्याच्या माणसांशी आणि लागेल त्या मदतीशी जोडून द्या. हे करायला डिग्री लागत नाही. आमचा फिटर हेच करत होता, त्याला कुणी पुस्तिका दिली नव्हती.

झोप न येणं, तोच प्रसंग डोळ्यासमोर येणं, पडल्याचा आवाज झाला तरी दचकणं, हे सुरुवातीच्या आठवड्यांत होतंच, त्याला वेड लागणं म्हणत नाहीत. बहुतेकांचं हळूहळू कमी होतं. महिना उलटून गेला तरी कमी होत नसेल किंवा जगू नये असं वाटत असेल, तर मात्र डॉक्टर गाठावा. महिनाभर वाट बघायचीच असंही नाही. 14416 हा सरकारचा टेली-मानसचा नंबर आहे, 2022 पासून चालू आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि दारूबद्दल स्पष्टच लिहितो. मातीहून परतताना गाड्या कुठे थांबतात हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्या रात्रीपुरती झोप लागते, पण दुःख आहे तिथेच राहतं आणि वर एक व्यसन लागतं. आमच्यातल्या दोघांचं तसं झालं, त्यांच्या बायका आज अण्णांच्या बायकोइतक्याच काळजीत आहेत.

आता कायद्याचं. हे प्रत्येक कामगाराने वाचावं असं मला वाटतं, कारण इथेच शेजारी उभा असलेल्या माणसाची खरी गरज लागते. साखर कारखाना हंगामी धरला जातो, म्हणून ईएसआयचं (कामगारांच्या सरकारी विम्याचं) संरक्षण आपल्याला सहसा नसतं. मग उरतो 1923 चा नुकसानभरपाईचा कायदा, त्याच्या तरतुदी आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतल्या आहेत. मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराच्या निम्मे गुणिले कायद्याच्या तक्त्यात त्या वयाला दिलेला आकडा, असा हिशोब. 2020 च्या जानेवारीपासून त्यासाठी पगार जास्तीत जास्त 15,000 धरतात. 45 वयाचा आकडा 169.44. म्हणजे 7,500 गुणिले 169.44, होतात 12,70,800 रुपये. याशिवाय पीएफ कापला जात असेल तर त्यासोबतच्या विम्याचे पैसे, ते नोकरीत असताना कुठल्याही कारणाने मृत्यू आला तरी मिळतात, कमाल 7 लाख. आणि विधवेला पेन्शन.

पण अपघातात हात अडकून माणूस गेला तर भरपाईवर वाद कमी होतो, हृदयविकाराने गेला तर फार होतो. कामाच्या जागेवर गेला एवढं पुरत नाही, कामाच्या ताणाचा त्या मृत्यूशी संबंध दाखवावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये एका ट्रकवरच्या क्लीनरच्या प्रकरणात हेच सांगितलं होतं. आता हा संबंध कोण दाखवणार? बायको तर घरी होती. डबल पाळी होती, धग होती, त्रास होतोय असं ते बोलले होते, तरी पॅन सोडता येत नव्हता, हे माहीत कुणाला? आम्हाला. हजेरीपट आणि ओव्हरटाईमची नोंद ऑफिसात असते, पण रात्री एक वाजता अण्णा काय म्हणाले ते कुठल्याच रजिस्टरात नाही.

इथेच माणसं गप्प बसतात. हंगामी कामगाराला पुढच्या वर्षी बोलवतील की नाही याची भीती असते आणि ती खोटी नाही. मी जबाब दिला. ट्रेनी पोरानेही दिला, स्वतःहून. जे तो कुणाजवळ बोलू शकत नव्हता ते त्याने कागदावर सही करून सांगितलं, आणि त्यानंतर तो जिना चढायला लागला. सगळ्यांचं असंच होईल असा माझा दावा नाही. पण जो शेवटच्या घटकेला जवळ होता, त्याच्या हातात गेलेल्या माणसासाठी करण्यासारखं काहीतरी असतं, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

हे लिहिताना बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या सारख्या आठवतात. नवराबायको मिळून एक कोयता, उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) दोघांवर मिळून. त्यातला एक उसाच्या फडातच वारला तर दुसऱ्याने रडायचं कधी? उचल फिटायची असते, टोळी पुढच्या फडात निघालेली असते. आमच्याकडे निदान मस्टर आहे, युनियन आहे. त्यांच्यासाठी वेगळं आणि मोठं लिहायला हवं, आज एवढंच.

यंदा बॉयलर अग्निप्रदीपनाच्या (हंगामासाठी बॉयलर पेटवण्याच्या) आधी युनियनच्या बैठकीत आम्ही काही मागण्या ठेवल्या. प्रत्येक पाळीत छाती दाबण्याचं शिक्षण घेतलेली माणसं हवीत. मिनिटाला 100 ते 120 वेळा, छाती 5 सेंटीमीटर आत जाईल इतक्या जोराने, गाडी येईपर्यंत न थांबता. अंबाजोगाई नाहीतर लातूर गाठेपर्यंत जो वेळ जातो त्यात हाच एक आधार आहे, हृदय थांबल्यावर मेंदूला जेमतेम चार-पाच मिनिटं असतात. डबल पाळीनंतर तिसरी कुणालाही नको, आणि चाळिशी ओलांडलेल्यांची हंगामाआधी ईसीजीसकट तपासणी. कामावर मृत्यू झाला तर त्या पाळीला उरलेल्या वेळाची आणि मातीच्या दिवसाची पगारी सुट्टी. घरच्यांकडे सामान घेऊन जाणारा, कागदपत्रं पुरी करून देणारा एक माणूस आधीच नेमलेला.

शिक्षणाचं मान्य झालं, पहिली तुकडी शिकूनही आली, त्यात ते पोरगं आहे. तपासणीचं बघू म्हणाले. पगारी सुट्टी नाकारली, "अशी प्रथा पडेल" म्हणून. प्रथाच पडायला हवी आहे. पुढच्या बैठकीत हा विषय पुन्हा घेतोय. लातूर, धाराशिव, परभणी, नांदेड, जालना, कुठल्याही कारखान्यात, जिनिंगमध्ये, एमआयडीसीत असं काही मिळत असेल, लेखी करारात असेल, तर त्याचा कागद कृपया मला पाठवा. बैठकीत टेबलावर ठेवायचा आहे.