दीड मिनिटाचा पंचनामा

"मी जिता हाव म्हणून लिव्हून द्यायला आलोय, आन तुझं मशीन चालू हुईपस्तोर मेलो तर?"

हे वाक्य आप्पांनी गेल्या रविवारी माझ्याच खोलीत, माझ्याच खुर्चीत बसून, माझ्याच घरचा चहा पीत टाकलं. आप्पा आमच्या गल्लीतले निवृत्त तलाठी. नोव्हेंबर लागला की पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, त्याच्या फॉर्मची प्रिंट काढायला आले होते. मी कॉम्प्युटरचं बटण दाबलं. पडद्यावर गोल फिरायला लागला आणि फिरतच राहिला. आप्पांनी चहा संपवला, तंबाखू मळली, चुना झटकला. एक मिनिट बेचाळीस सेकंदांनी मशीन उठलं. मी मोजले नव्हते. आप्पांनी मोजले, एचएमटीच्या घड्याळावर.

आता मी लातुरात घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करतो, आणि तेही लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं. आधारचा पत्ता बदलायचाय, कुणाच्या पोरीचा नीटचा फॉर्म भरायचाय, सगळी गल्ली माझ्याच दारात. आणि त्या दारात मला वेगाबद्दल कोण बोलणार? तर ज्यांनी उभी नोकरी 'परवा या' या दोन शब्दांवर काढली ते आप्पा! खरं तर या लातूरनं 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी येण्याची वाट पाहिली आहे. दहा-दहा वाघिणी, पाच-पाच लाख लिटर. कळशी घेऊन रांगेत उभं राहिलेल्या गावाला दीड मिनिट जड व्हावं? पण हे सगळं मला आप्पा गेल्यावर सुचलं. त्या क्षणी फक्त कान तापले आणि मी ठरवलं, आज कर्नलचाच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचाच, पंचनामा करायचा.

कर्नल उठताना शेकडो बारीकसारीक कामं ठरलेल्या क्रमानं उरकतो, त्यांना इनिटकॉल म्हणतात. लग्नघरासारखंच. आधी कोणाचा मान, मग कोणाचा, आणि शेवटच्या पायरीचं नावच 'लेट'. यात कोण किती वेळ खातंय हे टिपायला एफट्रेस नावाचा खबरी 2008 पासून कर्नलच्या पोटातच राहतो. मशीन उठल्यावर त्याला कामाला लावणं सोपं. उठतानाचीच चोरी पकडायची असेल तर मात्र त्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवावं लागतं. पूर्वी हे सगळं कमांड लाइनच्या, म्हणजे कर्नलला उठताना मिळणाऱ्या सूचनांच्या, एका ओळीत कोंबत. 5.6 आवृत्तीपासून, म्हणजे 2020 पासून, बूटकॉन्फिग नावाची वेगळी फाइल करता येते. ती इनिटआरडीच्या, म्हणजे कर्नलला उठताना लागणाऱ्या सामानाच्या गाठोड्याच्या, शेपटीला चिकटवायची. मी चिकटवली.

"काय करायलास?" आप्पा.

"ट्रेसिंग, आप्पा." इथं माझं चुकलं. 'काही नाही' म्हणायला हवं होतं.

"ट्रेसिंग व्हय! मग तसं सांग की." आप्पांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. "नकाशावर कापड ठिवायचं, पेन्सिल घ्यायची, आन बांध उतरवायचे. मोजणीवाल्याचा हात हालला की पाच हात जमीन इकडची तिकडं. लई मर्डर झालेत ट्रेसिंगपायी."

मशीन बंद केलं, चालू केलं. एक मिनिट बेचाळीस. बघतो तर नोंदवहीत एक अक्षर नाही. कमांड लाइनवर 'बूटकॉन्फिग' हा शब्द लिहायचा राहिला होता. तो नसला की कर्नल शेपटीकडं ढुंकूनही बघत नाही. हे मी स्वतःशीच पुटपुटलो, पण आप्पांचे कान शाबूत.

"आवक-जावकला नोंद केलती का?"

"नाही."

"मग तुझा कागद कुणी कामून बघंल?"

शब्द लिहिला. दुसऱ्या खेपेला मला हाव सुटली. नुसते इनिटकॉल नकोत, कर्नलमधलं प्रत्येक फंक्शन टिपा! मशीन आणखीच रेंगाळलं, आणि हाती आलं ते सगळं शेवटचं-शेवटचं. खबऱ्याची वही प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरला दीडएक एमबीची असते. ती भरली की तो जुनी पानं खोडून त्यावरच नवीन लिहितो. मला हवी होती ती पहिली पानंच गेली.

"म्हंजी नवीन आलं की जुनं फाडायचं?" आप्पांना खरोखर वाईट वाटलं. "आमच्यात असं न्हवतं. जुनं तसंच ठिवायचं. नवीन घ्यायचंच न्हाई."

वहीचा आकार, म्हणजे बफर, वाढवला, फंक्शनं काढून पुन्हा नुसते इनिटकॉल ठेवले. मधल्या वेळात, बसलोच आहे तर, म्हणून एक अपडेट चढवलं. अपडेटनं इनिटआरडी नव्यानं बांधली आणि माझी चिकटवलेली शेपटी गायब. पुन्हा बंद, पुन्हा चालू, पुन्हा वही कोरी. मी डोकं धरून बसलो तेव्हा आप्पांनी विचारलेला प्रश्न मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"फायलीला शिवलं होतं का टाचणीनं लावलं होतं?"

"टाचणीच म्हणा."

"मग! नवीन फाइल बांधली की टाचणीचा कागद ऱ्हातच न्हाई. कायम शिवायचं."

आतून बायकोचं हसू ऐकू आलं. दुसरा चहाही आला, त्यात बिस्किटं फक्त आप्पांना.

चौथ्या खेपेला शेपटी पुन्हा लावली, आणि कमांड लाइनवरचे 'क्वाएट' नि 'स्प्लॅश' हे दोन शब्द उडवले, म्हणजे तो फिरता गोल जाऊन खरे संदेश दिसतील. मशीन सुरू करून मी मोबाइलवर कर्नलची कागदपत्रं उघडून मान खाली घातली.

"ती लाल तारकांची मुंगी कशाला पळायलीय रे इकडून तिकडं?"

"पळू द्या."

"बाजूला आकडे हायेत की. एक मिनिट बारा, तिरपी रेघ, एक मिनिट तीस. कुणाची तरी वाट बघायलंय ते."

वर बघितलं. खरंच होतं. दोन-चार लाल तारका डावी-उजवीकडं पळत होत्या, आणि शेजारी एका डिस्कचा लांबलचक नंबर.

मशीन उठल्यावर आधी नोंदवही उघडली. या वेळी सगळं टिपलेलं. कर्नलनं आपली सगळी कामं साडेतीन सेकंदांत उरकली होती. निर्दोष, बिचारा. दीड मिनिट खात होता त्याच्या नंतर उठून बाकीच्या सगळ्यांना उठवणारा सिस्टमडी. गेल्या दिवाळीत एक जुनी डिस्क काढून मी भंगारात दिली. तिच्यावर स्वॅपचा, म्हणजे मेमरी कमी पडली की वापरायचा, भाग होता, आणि त्याची ओळ एफएसटॅबमध्ये, म्हणजे डिस्कांच्या यादीत, तशीच होती. सिस्टमडी रोज सकाळी त्या डिस्कची नव्वद सेकंद वाट बघायचा आणि मग निराश होऊन पुढं जायचा.

हे आप्पांना सांगावं की नाही याचा विचार केला. सांगितलं.

"मयताचं नाव कमी करायचं ऱ्हायलंय तुझं," आप्पा म्हणाले. "सातबाऱ्यावर मयत तसाच, मग नोटीस कुणाला काढायची? त्यालाच. यील का त्यो?"

मी ती ओळ काढली. मशीन दहा-बारा सेकंदांत उठलं. (सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ नावाची एक आज्ञा आहे. ती दिली असती तर कर्नलचा वेळ वेगळा, बाकीचा वेगळा, एका ओळीत दिसलं असतं. ती मी आप्पा गेल्यावर, दार लावून दिली.)

पण एक गोष्ट मात्र तेव्हाच तोंडातून निसटली. "आप्पा, आमच्या आजोबांचं नाव अजून सातबाऱ्यावर आहे. अकरा वर्षं झाली. अर्ज तुमच्याकडंच दिला होता."

माझ्या वडिलांनी त्यासाठी मृत्यूचा दाखला तीनदा दिला, दर वेळी नवीन. 6-क या वारस-नोंदवहीत वारसांची नोंद घ्यायची, फेरफार मंजूर व्हायचा, बस एवढंच काम. पीककर्जाच्या वेळी बँकेत साहेब विचारतात, खातेदार कुठायत? वडील वर बोट करतात. यात मला अजिबात विनोद दिसत नाही.

आप्पांनी प्रिंट घडी घालून खिशात ठेवली. "त्याला येळ लागतो बाबा," म्हणाले, आणि चपला शोधायला लागले.

गल्लीत आता अशी बातमी आहे की आप्पांनी माझा कॉम्प्युटर दुरुस्त केला. काल समोरच्या काकू बंद पडलेला मिक्सर घेऊन दारात आल्या. मी घ्यायला हात पुढं केला.

"तू ऱ्हाऊ दे," काकू म्हणाल्या. "आप्पा बसलेत का आत?"