हिरवं स्वप्न बघावं, झाकण उघडू नये

सोसायटी पर्यावरणस्नेही करायची तुम्ही मनावर घेतली असेल, तर आधी साल निवडा. २०५० उत्तम. चुकूनही पुढचं वर्ष धरू नका. त्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेला तुम्ही हजर असता आणि कुणीतरी हिशोब विचारतो. मग मोबाईलला सांगून एक चित्र काढून घ्या: गच्चीवर हिरवळ, भिंतींवर वेली, मागून वाहणारी मुठा. नदीचं पाणी निळंशार दाखवा. चित्राला वास येत नाही.

आता पावसाचं पाणी. इथे आकडेमोड करण्याचा मोह टाळा, कारण ती फार सोपी आहे. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस धरला आणि गच्ची ४०० चौरस मीटरची असली, तर २,८०,००० लिटर पाणी पडतं. वीस टक्के वाया गेलं म्हणा, तरी दहा हजारी टँकर बावीस भरतात. हे एकदा सभासदांना कळलं की ते पाणी जातं कुठे, असा प्रश्न येतो. म्हणून आकडा न सांगता थेट पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा खणायला घ्या.

खड्डा कुठे घ्यायचा, हे भूजलवाल्याला विचारू नका. पुण्याखाली बेसॉल्टचे थर आहेत. भेगाळलेला किंवा सच्छिद्र थर पाणी पितो, अखंड काळा पाषाण थेंब घेत नाही. तुम्ही दुचाक्यांच्या आड येणार नाही असा कोपरा बघा. खाली पाषाण लागला तर आठवडाभर पाणी साचून राहील आणि डासांचीही सोय होईल.

खड्ड्याआधी पाणी गाळायला लागते ती गाळणीची टाकी मात्र झोकात बांधा. तळाला मोठे दगड, त्यावर खडी, वर जाड वाळू. खडी आणि वाळू यांच्यामध्ये नायलॉनची जाळी घालायची असते, ती विसरा. दोन पावसांत वाळू खडीत उतरते आणि गाळणी दगडांची रास होऊन बसते. शिवाय पहिल्या पावसाचं पाणी अडवून बाहेर सोडायचा एक उभा पाइप असतो. ४०० चौरस मीटरच्या गच्चीवर पहिला एक मिलिमीटर पाऊस म्हणजे ४०० लिटर, आणि त्यात वर्षभराची धूळ नि कबुतरांची सगळी कमाई. तो पाइप पुढच्या पावसाआधी रिकामा व्हावा म्हणून खालच्या टोपणाला बारीक भोक ठेवतात. ते गळतंय अशी तक्रार आली की एम-सील लावून बुजवा. पाइप कायमचा भरलेला राहील आणि पुढचा सगळा मळ थेट वाळूवर. काही महिन्यांत वाळूवर साय धरते, पाणी जादाच्या पाइपातून गटारात जातं. वरची दोन-तीन इंच वाळू खरवडून, धुऊन परत टाकली की काम भागतं. वळवाच्या आधी, म्हणजे एप्रिलमध्ये दोन माणसांचं एका सकाळचं काम. पण हे काम कुणाचं, ते इतिवृत्तात लिहायचं नाही. मिळकतकरातली सवलत घ्यायला विसरू नका: अशा एका सोयीला पाच टक्के, दोन असतील तर दहा.

दुसरी सोय म्हणजे खत. साठ घरांचा ओला कचरा रोज तीसेक किलो तरी निघतो. एक बादली कचऱ्याला निदान एक बादली वाळका पाला लागतो, आणि खालीवर करायला आठवड्यातून एकदा फावडं. तेव्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये आवारात पानगळीचा ढीग पडला की भल्या पहाटे पेटवून द्या. जुलैत कचरा चिकट होऊन आंबूस वास सुटला, अळ्या जिन्यापर्यंत आल्या, की कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, विटा विकत आणा. मिश्रण मुठीत दाबल्यावर दोन-चार थेंब यावेत, धार लागू नये, हे ज्याला ठाऊक आहे त्या सफाईवाल्या मावशींना सभेला बोलवायची प्रथा नाही, ती मोडू नये.

सौर पॅनेल पाण्याच्या टाकीच्या उत्तरेला बसवा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि टाकीची सावली बरोबर पॅनेलवर येते. एका रांगेतल्या एका पॅनेलवर सावली पडली की अख्खी रांग मंदावते. पॅनेल धुवायला गच्चीत नळ ठेवू नका. झाडं ५ जूनला लावा, पाऊस यायच्या आत, फोटोपुरती; आळ्याऐवजी बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक.

एवढं झालं की २०५० चं ते चित्र फ्लेक्सवर छापून पंपाच्या खोलीवर लावा. गाळणीच्या टाकीचं झाकण जरा भकास दिसतं, त्यावर शोभेची जड कुंडी ठेवा. खाली पाटी: ‘हा प्रकल्प सोसायटीचा आहे. कृपया झाकण उघडू नये. – आदेशावरून.’ मे महिन्यात टँकर आला की त्याचा पाइप नेमका तिथूनच न्यावा लागतो, तेव्हा कुंडी थोडी बाजूला सरकवून द्यावी.