मुरूम लोटला म्हणजे पूल दुरुस्त होत नाही!

दरवर्षी तेच. अतिवृष्टी झाली, काळू नदी फुगली की टिटवाळ्याजवळचा रुंदे पूल पाण्याखाली आणि पलीकडच्या गावांचा संपर्क तुटलेला. मुरबाड-शहापूरकडच्या ओढ्यांवरही तीच गत. पाणी ओसरलं की जेसीबी येतो, वाहून गेलेल्या भरावाच्या जागी मुरूम लोटतो आणि निघून जातो. अहो, नुसता मुरूम पुढच्या लोंढ्यात टिकेल कसा? भरावाला दगडी पिचिंग, म्हणजे उतारावर घट्ट बसवलेल्या दगडांचा थर हवा, कडेला काँक्रीटची भिंत हवी. रस्त्याखालून पाणी जायला ठेवलेल्या मोरीचे पाइप बघा जरा वाकून! गाळ, फांद्या, प्लॅस्टिक, सगळं गच्च. पाण्याला खालून वाट नाही म्हणून ते रस्त्यावरून जातं आणि जाताना डांबराची कड कुरतडून नेतं. हे पाइप मे महिन्यात साफ करायला कुणी अडवलंय? २०१६ च्या ऑगस्टमध्ये महाडजवळ सावित्रीवरचा पूल रात्रीत गेला, एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. एवढं होऊनही आमच्या ओढ्यावरच्या पुलाला अजून धड कठडा नाही. शाळेची पोरं, दूधवाले, बाळंतपणाला निघालेली बाई, सगळी त्यावरूनच जातात. संताप येतो हो! डागडुजी पुरे. पूल उंच बांधा आणि पावसाच्या आत बांधा.